व्हर्सायच्या माळ्यावरची बाई : मादाम द पाँपादूर

ओसरी :

व्हर्सायच्या राजवाड्यात आरसेमहाल पाहून झाला की बहुतेक लोक बागेकडे वळतात. राजाच्या दालनांच्या वर, थेट छपराखाली काही खोल्या आहेत आणि त्या पाहायच्या असतील तर मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळीच जावे लागते. दोन वर्षांपूर्वी मी तो जिना चढले. खालची दालने इतकी उंच आणि सोनेरी आहेत की वर पोचल्यावर आपण दुसऱ्याच कोणाच्या घरी आलो असे वाटते. छत बुटके, खोल्या आटोपशीर, आणि खिडकीतून उत्तरेकडची बाग व तिच्यापलीकडची झाडी दिसते. १७४५ च्या सप्टेंबरपासून सुमारे पाच वर्षे लुई पंधराव्याची जाहीर प्रेयसी मादाम द पाँपादूर येथे राहत होती. तिची छाती लहानपणापासून अधू होती, त्यामुळे एवढे जिने ती रोज कशी चढत-उतरत असेल हा विचार माझ्या मनातून जाईना. तिच्या आधीच्या प्रेयसीसाठी, म्हणजे शातोरूच्या डचेससाठी, राजाने दोरखंड आणि कप्प्यांवर वर ओढली जाणारी एक खुर्ची बसवून घेतली होती. पुढे पाँपादूरही ती वापरू लागली. नुसते ऐकले तर ही चैन वाटते. त्या जिन्यात धाप लागून उभे राहिल्यावर मला तसे वाटले नाही.

परत आल्यापासून या विषयावर मिळेल ते वाचत आहे आणि वाचता वाचता माझे एक मत झाले आहे, ते येथे मांडते. राजाची प्रेयसी म्हटली की नटणे-मुरडणे, दागदागिने आणि मेजवान्या एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पाँपादूरचे आयुष्य मला एखाद्या जिवापाड कष्टाच्या चाकरीसारखे दिसते. या चाकरीला सुट्टी नव्हती आणि ती केव्हा जाईल याचा नेम नव्हता. नव्या, तरुण स्त्रीची धास्ती तर होतीच, पण खरा धोका निराळा होता. राजाला मरणाचे भय वाटले, त्याने पाद्र्याला बोलावले, की प्रेयसीला त्याच दिवशी वाड्याबाहेरची वाट दाखवली जाई. कॅथलिक धर्माप्रमाणे पापाची संगत सोडल्यावाचून पापमुक्ती मिळत नाही, आणि ती संगत म्हणजे ही बाई.

पाँपादूर येण्याच्या आदल्याच वर्षी हे सगळ्या फ्रान्सने पाहिले होते. १७४४ च्या ऑगस्टमध्ये राजा युद्धाच्या मोहिमेवर असताना मेत्स येथे आजारी पडला आणि वाचत नाही असे वैद्यांनी सांगितले. शातोरूची डचेस त्याच्या उशाशी होती. स्वासाँच्या बिशपने अट घातली की ही स्त्री गावाबाहेर गेल्याशिवाय मरणाऱ्याला पाद्री देतो ते अंतिम संस्कार होणार नाहीत. गाडीचे पडदे ओढून तिला पॅरिसकडे पळ काढावा लागला आणि वाटेतल्या गावांत लोकांनी तिला शिव्याशाप दिले. राजा बरा झाला, त्याला ‘लाडका लुई’ हे नाव मिळाले, आणि काही आठवड्यांनी त्याने डचेसला परत बोलावले; पण डिसेंबरात ती तापाने वारली. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर पाँपादूर आली. आपण कोठे पाऊल ठेवत आहोत हे तिला ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

तिचे माहेरचे नाव झान-आंत्वानेत प्वासाँ. जन्म २९ डिसेंबर १७२१, पॅरिस. वडील पारी बंधू या मोठ्या सावकारांचे कारभारी होते, आणि धान्यपुरवठ्याच्या एका लफड्यात ते देश सोडून परागंदा झाले, तेव्हा मुलगी चार-पाच वर्षांची होती. तिला वाढवले, शिकवले ते ल नोर्मां द तूर्नेम या गृहस्थाने. हा करांचा ठेकेदार होता, म्हणजे सरकारला ठरलेली रक्कम देऊन जनतेकडून कर वसूल करण्याचा मक्ता घेणाऱ्यांपैकी. नऊ वर्षांची असताना एका ज्योतिषिणीने तिला ‘तू राजाच्या मनावर राज्य करशील’ असे सांगितले, आणि तेव्हापासून घरात तिला ‘छोटी राणी’ म्हणू लागले. ही दंतकथा वाटेल, पण त्या ज्योतिषिणीला पुढे ६०० लिव्र (लिव्र हे त्या काळचे फ्रेंच चलन) देत असल्याची नोंद पाँपादूरच्या स्वतःच्या हिशेबात सापडते. १७४१ मध्ये तूर्नेमच्या पुतण्याशी तिचे लग्न झाले. सासरचे एत्योल हे गाव सेनारच्या जंगलाला लागून होते, आणि त्या जंगलात राजा शिकारीला येत असे.

१७४५ च्या फेब्रुवारीत युवराजाच्या लग्नानिमित्त व्हर्सायमध्ये मुखवट्यांचा नाच झाला. राजा आणि त्याचे काही सोबती बागेतल्या कातरलेल्या झाडांचा वेश करून आले होते. राजाचे तिच्यावर मन बसल्याचे लोकांना कळले ते त्या रात्री. मे महिन्यात ती नवऱ्यापासून कायद्याने विभक्त झाली, जूनमध्ये राजाने तिच्यासाठी पाँपादूर नावाची जहागीर विकत घेतली. तो उन्हाळाभर राजा रणांगणावर होता आणि ती एत्योलमध्ये बसून शिकत होती. आबे द बेर्नी आणि मार्की द गोंतो हे दोघे तिला दरबारी रीत शिकवण्यासाठी नेमले गेले होते. कोणते घराणे कोणाशी कसे संबंधित, कोणाला किती वाकून नमस्कार करायचा, कोणता शब्द शहरात चालतो पण व्हर्सायमध्ये उच्चारला की हसू होते, हे सगळे तिला चार महिन्यांत पाठ करायचे होते. याआधीच्या राजप्रेयसी सरदार घराण्यांतल्या असत. व्यापारी-सावकारी वर्गातली ही पहिलीच.

१४ सप्टेंबर १७४५ च्या संध्याकाळी तिला दरबारात रीतसर सादर केले गेले. दरबारातल्या कोणा मानकरी स्त्रीने पुढे होऊन ओळख करून द्यावी लागे. ते काम कोंतीच्या वृद्ध राजकन्येने केले, आणि तिचे कर्ज फेडण्याचे राजाने कबूल केले होते. हा विधी मला फार बारकाईने पाहावासा वाटतो. अंगावर भारी भरतकामाचा दरबारी पोशाख, मागे जमिनीवर लोळणारा लांब घोळ. तीन वेळा गुडघे मोडून नमस्कार करत पुढे जायचे, उजव्या हाताचा मोजा काढून राणीच्या वस्त्राची कड उचलून ओठांना लावायची, आणि मग पाठ न दाखवता तसेच मागे मागे जायचे, तेही टाचेने तो घोळ हळूच मागे सारत, अडखळून न पडता. जिच्या नवऱ्याची आपण प्रेयसी त्याच स्त्रीपुढे हे करायचे, आणि सारा दरबार आपण चुकण्याची वाट पाहत दोन्ही बाजूंना उभा. राणी मारी लेश्चिन्स्का पोशाखाबद्दल दोन शब्द बोलून तिला वाटेला लावील अशी सगळ्यांची अटकळ होती, कारण ज्याचा अपमान करायचा त्याच्याशी फक्त कपड्यांबद्दल बोलायची पद्धत होती. राणीने तसे केले नाही. दोघींच्या ओळखीच्या एका बाईची तिने चौकशी केली.

मग रोजचे काम सुरू झाले. सकाळी वेणीफणीच्या वेळेपासून अर्जदार, मंत्री, चित्रकार, नातलग यांची रीघ लागे. तिच्या खोलीत खुर्ची एकच, तिची. त्यामुळे राजघराण्यातल्या माणसालाही उभेच राहावे लागे. दुपारी शिकार, रात्री निवडक मंडळींचे जेवण, मग पत्ते, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर निजणे. वर्षातले कित्येक आठवडे सारा दरबार बिऱ्हाड घेऊन फिरे, शरदात फोंतेनब्लो, उन्हाळ्यात काँपिएन्य, अधूनमधून श्वाझी. राजा स्वभावाने लाजाळू, उदास आणि लवकर कंटाळणारा होता. त्याला कंटाळा येऊ न देणे हे तिच्या चाकरीचे मूळ कलम. त्यासाठी १७४७ च्या जानेवारीत तिने वाड्यातच एक लहान रंगमंच उभा केला. पहिल्या खेळाला प्रेक्षक म्हणून जेमतेम चौदा माणसे होती आणि मुख्य नटी ती स्वतः. ती गात असे, वाद्य वाजवत असे, घोड्यावर बसत असे. याच काळात तिचे गर्भपात झाले, आणि डोकेदुखी व खोकला कायमचा मागे लागला.

तिच्या खासगी दासीने, मादाम द्यू ओसेने, ज्या आठवणी मागे ठेवल्या आहेत त्यांतला एक प्रसंग मला विसरता येत नाही. न्याहारीला व्हॅनिला घातलेले कडक चॉकलेट, जेवणात ट्रफल नावाची जमिनीखालची अळंबी आणि सेलरीचे सार, असा आहार मादाम कित्येक दिवस घेत होती. दासीने टोकले तेव्हा ती रडू लागली आणि तिने कारण सांगितले. आपला देह स्वभावतः थंड आहे, राजाला हे जाणवले तर तो दूर होईल, म्हणून अंगात उष्णता यावी यासाठी हे चालले होते. युरोपातल्या सर्वांत श्रीमंत दरबारातली सर्वांत प्रभावी समजली जाणारी स्त्री न्याहारीच्या टेबलाशी बसून आपल्या शरीरावर असा जुलूम करत होती.

येथे या विषयाचे जाणकार आहेत हे मला माहीत आहे. आपली मते, दुरुस्त्या, भर, सगळ्याचे स्वागत आहे.

दौतटाक :

ताई, लेख मनापासून आवडला. एक शब्दाचा प्रश्न उपस्थित करतो, कारण त्याने विचाराची दिशा बदलते. आपण सर्वत्र ‘प्रेयसी’ लिहिले आहे. मराठीत यासाठी जे शब्द आहेत, त्यांपैकी ‘रखेल’ आणि ‘राख’ हे उघड हिणवणारे आहेत. ‘अंगवस्त्र’ हा शब्द सभ्य समजला जातो, पण मला तो जास्त क्रूर वाटतो, कारण अंगावर घेतले आणि नको तेव्हा खुंटीला टांगले असा त्याचा सरळ अर्थ आहे. पेशवाईतल्या कागदपत्रांत ‘नाटकशाळा’ हा शब्द अशा स्त्रियांसाठी येतो. नाच-गाणे आणि शय्या या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. फ्रेंच दरबारात मात्र ही जवळजवळ अधिकृत जागा होती असे दिसते. मग ‘नाटकशाळा’ चालेल का?

ओसरी :

दौतटाक, हा प्रश्न मलाही लिहिताना पडला होता. ‘नाटकशाळा’ जवळ जातो, विशेषतः वर सांगितलेल्या रंगमंचामुळे. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे नाटकशाळा वाड्याच्या आत असे, तिची नोंद खर्चाच्या वहीत होई, आणि दरबारात तिला मानाची जागा नसे. फ्रेंच पद्धतीत प्रेयसीला आधी दरबारात सादर करत, आणि त्या सादरीकरणानेच तिला तेथे राहण्याचा, राजाबरोबर गाडीत बसण्याचा, राणीच्या समोर जाण्याचा हक्क मिळे. पंधराव्या शतकातल्या सातव्या शार्लच्या आन्येस सोरेलपासून ही परंपरा सांगतात. राजाचे लग्न हा दोन राज्यांमधला तह असे, त्यामुळे मनाची सोबत तो दुसरीकडे शोधणार हे दरबाराने गृहीत धरलेले होते. लुई पंधराव्याचेच पाहा, लग्न झाले तेव्हा तो १५ वर्षांचा आणि राणी २२ वर्षांची होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत राणीला दहा मुले झाली. त्या थकलेल्या स्त्रीबद्दलही मला तितकेच वाईट वाटते. म्हणून मी ‘जाहीर प्रेयसी’ वर थांबले. त्यातला ‘जाहीर’ हा शब्द सोडू नये, कारण तिचे सारे सामर्थ्य आणि सारी विटंबना त्या जाहीरपणातून आली.

विटंबनेचे एक उदाहरण येथेच देते. प्वासाँ या तिच्या माहेरच्या नावाचा फ्रेंचमधला अर्थ मासा. त्यावरून तिच्याबद्दल जी गलिच्छ कवने पॅरिसभर फिरत, त्यांना लोक ‘प्वासोनाद’ म्हणत. त्यांपैकी काही खुद्द दरबारातून निघत होती. १७४९ च्या एप्रिलमध्ये नौदलमंत्री मोरपा याला राजाने याच कारणावरून पदावरून दूर करून दरबाराबाहेर घालवले. तिच्या आजारपणांवर, शरीरावर, अगदी तिच्या आईवरही कवने होती. आई तर १७४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशीच वारली होती.

कृष्णाकाठ :

लेखिकेचा अभ्यास दिसतो, तरीही मला विरोध नोंदवायचा आहे आणि तो गंभीर आहे. तिच्या कष्टांविषयी वाचताना फ्रान्सच्या शेतकऱ्याचे कष्ट नजरेआड होतात. सरदार आणि धर्मसंस्था यांना ‘ताय’ नावाच्या मुख्य करातून सूट होती आणि तो बोजा कुणब्यावर होता. पाँपादूरने क्रेसी, बेलव्यू, मेनार अशी घरे बांधली, घेतली, बदलली. पॅरिसमधला तिचा वाडा म्हणजे आजचे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान एलिझे. एकोणीस वर्षांत तिच्यावर सुमारे ३ कोटी ६० लाख लिव्र खर्च झाले असा आकडा नेहमी दिला जातो. त्यातच तिने राज्यकारभारात हात घातला. १ मे १७५६ चा ऑस्ट्रियाशी तह, त्यामागून इंग्लंड व प्रशियाविरुद्धचे सप्तवार्षिक युद्ध, ५ नोव्हेंबर १७५७ ला रोसबाखला झालेला दारुण पराभव आणि तेथे सेनापती कोण, तर तिचा स्नेही सूबिझ! शेवटी १७६३ च्या तहात कॅनडा गेला. हिंदुस्थानातली फ्रेंच सत्ता संपली तीही याच युद्धात. आपल्या वाचकांनी एक योगायोग ध्यानात ठेवावा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले आणि १६ जानेवारीला इंग्रज पाँडिचेरीत शिरले. बुसी या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी पानिपतावर भाऊसाहेबांसाठी लढला आणि पकडला जाऊन मारला गेला, आणि त्याच आठवड्यात ज्या फ्रेंचांकडून ती कवायत आली त्यांची दक्षिणेतली राजधानी पडली. व्हर्सायच्या खोल्यांमध्ये चाललेल्या कारभाराची झळ अशी आपल्यापर्यंत पोचली होती.

ओसरी :

कृष्णाकाठ, आपल्या आक्षेपातला शेतकऱ्याविषयीचा भाग मी पूर्णपणे मान्य करते. तिने ज्या पैशावर घरे बांधली तो पैसा कोठून येत होता हे तिला इतर कोणापेक्षा जास्त ठाऊक असणार, कारण ती करठेकेदाराच्याच घरात वाढली होती. तिची बाजू घेताना हे झाकायचे मला कारण नाही.

मात्र दोष वाटताना प्रमाण पाहावे लागेल. त्या काळी फ्रेंच सरकारचे वर्षाचे उत्पन्न वीस कोटी लिव्रच्या पुढे होते. एकोणीस वर्षांचे ३ कोटी ६० लाख म्हणजे वर्षाला वीस लाखांच्या आत. खजिना खरा रिकामा केला तो युद्धांनी. करांची जी असमानता आपण सांगितली ती मोडण्याचा प्रयत्न १७४९ मध्ये अर्थमंत्री माशोने केला होता. सरदार असो की पाद्री, सर्वांच्या उत्पन्नावर विसावा हिस्सा कर, अशी त्याची योजना होती. माशो हा पाँपादूरच्या बाजूचा माणूस होता. ही योजना धर्मसंस्थेने हाणून पाडली आणि १७५१ मध्ये तिला सूट मिळवून घेतली.

ऑस्ट्रियाच्या तहाविषयीही असेच. व्हिएन्नाच्या दरबाराने तिच्यामार्फत बोलणे सुरू केले, पहिली गुप्त भेट १७५५ च्या सप्टेंबरात तिच्या बेलव्यूच्या वाड्याखालच्या एका लहानशा घरात झाली, आणि फ्रान्सच्या बाजूने बोलणारा तो बेर्नी, ज्याने दहा वर्षांपूर्वी तिला दरबारी रीत शिकवली होती. पण प्रशिया इंग्लंडला जाऊन मिळाल्यावर फ्रान्सपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि निर्णय राजाचा होता. सूबिझला सेनापती करण्यात तिचा वशिला होता ही तिची चूक, आणि ती मोठी चूक. तरीही पराभव झाल्यावर राजाचे नाव कोणी घेईना, तिचे मात्र सगळे घेऊ लागले. राजा हा देवाचा अभिषिक्त, त्याच्याकडून चूक होत नाही, म्हणून चुकीला जबाबदार धरण्यासाठी दुसरे कोणीतरी शेजारी लागते. या जागेचा तोही एक उपयोग दरबार करून घेत होता असे मला वाटते.

तिने मागे काय ठेवले तेही सांगायला हवे. पोर्सेलीनचा कारखाना तिच्या आग्रहाने १७५६ मध्ये व्हँसेनहून सेव्रला आला, १७५९ मध्ये राजाने तो पूर्णपणे आपल्या मालकीचा केला, आणि तो आजही चालू आहे. गरीब सरदारांच्या मुलांसाठी १७५१ मध्ये पॅरिसची लष्करी शाळा स्थापन झाली, तिच्यामागे वर आलेल्या पारी बंधूंपैकी पारी-द्यूव्हेर्ने आणि ही बाई होती. बांधकाम थांबले तेव्हा तिने पदरचा पैसा घातला. त्या शाळेत पुढे नेपोलियन शिकला. आणि लूव्रमधले मोरिस काँतँ द ला तूरने रंगखडूने काढलेले तिचे चित्र कधी जमले तर नक्की पाहावे. १७५५ मधले ते चित्र पुरुषभर उंच आहे. तिच्या अंगावर एकही दागिना नाही. हातात स्वरलिपीचे पान, शेजारी टेबलावर पुस्तके आणि पृथ्वीचा गोल. पुस्तकांमध्ये दिदरोने संपादित केलेल्या ज्ञानकोशाचा चौथा खंड ठळक दिसतो. याच ज्ञानकोशाच्या पहिल्या दोन खंडांवर तीन वर्षांपूर्वी राजाच्या मंत्रिमंडळाने बंदी घातली होती. राजाच्या प्रेयसीने तो खंड कोपराशी ठेवून चित्र काढून घेतले आणि ते सार्वजनिक प्रदर्शनात टांगू दिले. या एका कृतीसाठी मला तिच्याविषयी आदर वाटतो.

तर्जनी :

एक गोष्ट येथे कोणीच बोलले नाही. व्हर्साय गावात ‘हरणांची वाडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत राजाने १७५५ मध्ये एक घर घेतले होते आणि तेथे गरीब घरांतल्या कोवळ्या मुली ठेवल्या जात. राजाकडे आणल्या गेलेल्या अशा मुलींमध्ये मारी-लुईज ओ’मर्फी हे सर्वांत माहीत असलेले नाव. राजाकडे आणली गेली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. पाँपादूरला हे ठाऊक होते. चाकरीच्या कष्टांची चर्चा करताना या मुलींना विसरू नये.

ओसरी :

तर्जनी, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि मी ते पहिल्या लेखातच लिहायला हवे होते. १७५० च्या सुमारास राजाशी तिचा शरीरसंबंध संपला. ती माळ्यावरून तळमजल्यावरच्या प्रशस्त दालनांत आली, १७५२ मध्ये तिला डचेसचा मान मिळाला, आणि त्यापुढची चौदा वर्षे ती राजाची मैत्रीण, सल्लागार म्हणून राहिली. त्या मुली तिनेच पुरवल्या असा आरोप तिच्या शत्रूंनी केला. ते काम राजाचा खासगी नोकर लबेल करत असे. पण तिला ते माहीत होते आणि तिने ते चालू दिले. अशिक्षित, निराधार मुलींपासून आपल्या जागेला धोका नाही, धोका आहे तो दरबारातल्या कुलीन स्त्रियांपासून, असा हिशेब त्यामागे होता. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण ती स्वतः कशातून गेली होती ते तिला माहीत होते. त्या मुलींपैकी बहुतेकींची नावेही आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

अबोली :

मी फ्रान्समध्ये राहते, त्यामुळे हा धागा वाचताना फार जवळचा वाटला. तुमच्या मूळ मुद्द्याला, म्हणजे राजाचे आजारपण आणि प्रेयसीचे जाणे, मादाम द्यू बारीची कथा बळ देते. शिवणकाम करणाऱ्या बाईची अनौरस मुलगी, पॅरिसमध्ये टोप्या आणि फितींच्या दुकानात काम केलेली. १७६९ च्या एप्रिलमध्ये दरबारात सादर झाली ती खोट्या जन्मदाखल्यावर आणि नावापुरत्या लग्नावर. पाच वर्षांनी राजाला देवी आल्या. सगळे जवळ जायला घाबरत असताना ही त्याच्या उशाशी बसत होती. आजार देवीचा आहे हे राजाला स्वतःला कळल्यावर, ४ मे १७७४ ला त्यानेच तिला जायला सांगितले, कारण मेत्सचा प्रसंग पुन्हा नको होता. मग त्याने पापनिवेदन केले, १० मे ला तो वारला, आणि तिला एका मठात नेऊन ठेवले.

तिच्या कथेत हिंदुस्थान आहे हे फार थोड्यांना माहीत असते. झामोर नावाचा एक मुलगा तिच्या पदरी होता. तो बंगालमधला, चितगावकडचा; गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लहानपणीच पळवून विकलेला. दरबारात त्याला रंगीबेरंगी कपडे घालून खेळण्यासारखे मिरवत. मोठेपणी त्याने वाचन केले, क्रांतीच्या बाजूला गेला, आणि १७९३ मध्ये न्यायासनापुढे मादामविरुद्ध साक्ष दिली. ८ डिसेंबर १७९३ ला तिचा शिरच्छेद झाला. झामोरला पुष्कळ लोक कृतघ्न म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. तो १८२० मध्ये पॅरिसमध्ये दारिद्र्यात वारला.

ओसरी :

अबोली, झामोरबद्दल लिहिल्याबद्दल मनापासून आभार. द्यू बारी वाड्याबाहेर गेली तशी पाँपादूरवरही वेळ आली होती, ती राहिली आहे. ती सांगून मी थांबते.

५ जानेवारी १७५७ च्या संध्याकाळी राजा गाडीत बसत असताना दाम्याँ नावाच्या माणसाने त्याच्या बरगडीत लहान चाकू खुपसला. थंडीमुळे अंगावर जाड कपडे होते, जखम उथळ होती, पण चाकूला विष असावे असे समजून राजाने पाद्र्याला बोलावले आणि राणीची क्षमा मागितली. पाँपादूर खाली आपल्या दालनात होती. अकरा दिवस राजाकडून तिला एका शब्दाचाही निरोप आला नाही. ज्या माशोला तिने आधार दिला होता तोच येऊन ‘आपण निघून जावे’ असे सुचवून गेला. पेट्या भरायला सुरुवात झाली. तेवढ्यात तिची मैत्रीण मादाम द मिरप्वा आली आणि तिने विचारले, हे काय चालले आहे. जो डाव सोडून उठतो तो हरतो. पेट्या पुन्हा सोडल्या गेल्या, पण लोकांना मात्र तयारी चालली आहे असेच भासू दिले. काही दिवसांनी राजा एका संध्याकाळी उगाच फिरत फिरत तिच्या दालनात उतरला, आणि १ फेब्रुवारीला माशो व युद्धमंत्री दार्जांसों दोघांनाही निरोप मिळाला.

याच्या वर्षभर आधी तिने धर्माशी समेट करून पाहिला होता. राणीची मानकरी म्हणून नेमणूक व्हायची तर पापनिवेदन हवे. जेझुइट पाद्र्याने अट घातली की आधी नवऱ्याकडे परत जा. तिने नवऱ्याला खरोखरच पत्र लिहिले; त्याने सभ्यपणे नकार कळवला. राजाच्या दालनांकडे जाणारा खासगी जिनाही तिने बंद करून घेतला. तेवढ्यावर नेमणूक झाली, पण मनाची शांती मिळाली असे तिच्या नंतरच्या पत्रांवरून वाटत नाही. त्याआधी, १७५४ च्या जूनमध्ये, तिची एकुलती एक मुलगी आलेक्सांद्रीन पॅरिसच्या मठशाळेत दहाव्या वर्षी अचानक वारली होती आणि दहा दिवसांत वडीलही गेले होते. शोक करायला तिला फार दिवस मिळाले नाहीत. दरबार ठरल्याप्रमाणे पुढच्या मुक्कामी निघाला आणि तिला सोबत राहावे लागले.

१७६४ च्या फेब्रुवारीअखेर श्वाझीला असताना तिची छाती भरली. राजघराण्याबाहेरच्या माणसाने व्हर्सायच्या वाड्यात मरू नये असा नियम होता, तो राजाने तिच्यासाठी बाजूला ठेवला. आडवे होता येत नसल्यामुळे ती खुर्चीतच बसून असे. अंतिम संस्कार झाले आणि त्यानंतर, रीतीप्रमाणे, राजाला तिला भेटता येणार नव्हते. या वेळी मरणारी ती होती, तरी दूर जावे लागले ते एकमेकांपासूनच. १५ एप्रिलला, वयाच्या ४२ व्या वर्षी, ती गेली. त्याच संध्याकाळी देह चादरीखाली झाकून, दोन माणसांनी उचलून, गावातल्या तिच्या घरी नेला, कारण प्रेत वाड्यात ठेवायचे नसे.

दोन दिवसांनी संध्याकाळी सहाच्या सुमारास अंत्ययात्रा पॅरिसकडे निघाली तेव्हा वादळी पाऊस होता. राजा एका नोकराला घेऊन सज्जात गेला आणि गाड्या दिसेनाशा होईपर्यंत टोपी, अंगरखा काही न घालता तेथेच उभा राहिला. आत आल्यावर डोळे पुसत तो एवढेच म्हणाला की तिच्यासाठी आपल्याला करता आले ते एवढेच. तिच्या वस्तूंची यादी करायला नोटरींना वर्षाहून अधिक काळ लागला. त्यांत साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तके होती. तिला पॅरिसमधल्या कापुसीन जोगिणींच्या मठात, आई आणि आलेक्सांद्रीन यांच्या शेजारी पुरले. क्रांतीनंतर तो मठ पाडला गेला आणि त्या जागेवरून ‘रू द ला पे’ हा रस्ता काढला. अबोली, तुम्ही कधी तेथून गेलात तर पाहा, दोन्ही बाजूंना जवाहिऱ्यांची दुकाने आहेत, आणि तिच्या नावाचा दगड कोठेही नाही.